राणी रंगाची न्हाणी

डागांचं मला सांगायचं नाही! म्हणजे खुशाल सांगा, पण सांगताना जरा आदराने सांगा. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या प्रोसेस हाउसमधला, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमधला, कलर मास्तर आहे मी. ग्रीसचा डाग, गंजाचा डाग, पानाची पिचकारी, लूमवाल्याने तेलकट हाताने उमटवलेला अख्खा पंजा, सगळं माझ्या हाताखालून जातं आणि पांढरंशुभ्र होऊन बाहेर पडतं. "धुडकू मास्तरकडे द्या," असं म्हटलं की आमचे शेठ निवांत चहा पितात. असा माणूस घरच्या न्हाणीतल्या चार डागांना भिईल का? हेच मी कलाला म्हणालो. आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली!

कला म्हणजे कलाबाई, माझी बायको. घर माझ्या नावावर असलं तरी न्हाणी तिची आहे. त्याचं असं झालं, आम्ही पारोळ्याकडून सुरतेत आलो तेव्हा चाळीतल्या एका खोलीत राहिलो. सगळ्या चाळीला मिळून न्हाणी एक. दार पत्र्याचं, कडी मोडकी. बायकांनी अंधारात उठून बादलीचा नंबर लावायचा आणि आतलीने गाणं म्हणत अंघोळ करायची, म्हणजे बाहेरच्याला कळतं की आत माणूस आहे. कलाने तरुणपणाची बरीच वर्षं त्या रांगेत काढली. म्हणून सोसायटीत हे घर झालं तेव्हा तिने एकच मागणं केलं. "न्हाणी पांढऱ्या संगमरवराची पाहिजे!"

आता आमची ऐपत संगमरवराची? देवळात पाय भाजू नयेत म्हणून आम्ही त्याच्यावर उभे राहतो, तेवढाच आमचा संबंध! पण बाई जिद्दीची. पर्वत पाटियाकडे भाईदास मार्बलवाल्याची वखार आहे. तिथे जाऊन जाऊन तिने उरलेसुरले तुकडे वेचले. हा कोणाच्या देव्हाऱ्याचा, तो कोणाच्या बंगल्याच्या पायरीचा. प्रत्येक तुकडा उन्हात धरून पांढऱ्याला पांढरा जुळवला. शेड जुळवणं हा माझा धंदा, पण खरं सांगतो, ती शेड मलाही जुळली नसती. न्हाणी तयार झाली त्या दिवशी ती आत गेली, कडी लावली आणि कितीतरी वेळ गाणं न म्हणता अंघोळ करत बसली.

पण आमच्याकडे पाणी बोरचं. खारट, जड. त्यात नळ गळका. मी "रविवारी बघतो" म्हणत गेलो आणि नळ गळत गेला. बघता बघता संगमरवरावर पांढरी खपली धरली, खपलीखाली पिवळे ओघळ आले, आणि नळाखालची एक फरशी पाणी पिऊन पिऊन सुटली. पाय ठेवला की टक्क वाजायची. प्लेगनंतर अख्खं सुरत शहर धुऊन निघालं, आमची न्हाणी तेवढी मागे राहिली.

एरवी हे असंच चाललं असतं. पण मध्ये आली अखाजी. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला अखाजी म्हणतात. दिवाळीपेक्षा मोठा सण! लेकी माहेरी जातात, झोके घेतात, मेंदी लावतात, सांजोऱ्या खातात. कला दरवर्षी जाते. पण या वर्षी तिचा बेत वेगळा होता. गावी तिची आई एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे दुखतात, हातात काठी. कलाला तिला कायमचं सुरतेला आणायचं होतं. आणि म्हातारी म्हणजे सबबींचं कोठार! म्हशीची सबब झाली, शेताची झाली, म्हैस विकली, शेत बटाईने दिलं, तरी एक सबब उरलीच. "तुमच्या सुरतच्या न्हाण्या गुळगुळीत. मी पडनू म्हंजे?"

"एकदा येऊन माझी न्हाणी बघ तर! देवळासारखी आहे. मग बोल," असं कला तिला सांगून बसली होती.

म्हणून निघताना तिने मला दारात उभं करून बजावलं. "अहो, भाईदासभाईंचा माणूस मशीन घेऊन पॉलिश करायला येईल. त्याला दार उघडायचं. बास. तुम्ही आत फक्त अंघोळीला जायचं."

"अगं, घरात मास्तर असताना बाहेरचा माणूस कशाला?"

"तुम्ही कपड्याचे मास्तर आहात. तो दगड आहे."

"डाग तो डागच!"

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "माय राहिली तर या न्हाणीपायी राहील. कळलं?"

कळलं होतं हो! म्हणूनच तर मला वाटलं, बाई परत आली की थक्क झाली पाहिजे. तिची रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मी भाईदासला निरोप धाडला, माणूस पाठवू नका, घरचा मास्तर घरी आहे.

सुरुवात झकास झाली. सुटलेली फरशी उचलली, खालचा ओला चुरा खरवडला, जागा वाळू दिली, फरशी पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवली. टक्क बंद! नळाचा वायसर बदलला. गळती बंद! ही दोन कामं कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या बाजूने बोलायला दुसरं काही सापडणार नाही.

मग मी मिलमधून आणलेल्या कॅनचं बूच उघडलं. अ‍ॅसिड! खपलीवर ओतलं तसा फस्स करून फेस आला. काय तो फेस! मी खिडकी उघडली, नाकाला रुमाल बांधला आणि म्हटलं, बघा, डाग कसे बोंबलतायत! जिथे फेस जास्त तिथे मळ जास्त, असा हिशोब करून मी आणखी ओतलं. सगळ्या फरशीवर फेसच फेस. म्हणजे मळ सगळीकडेच होता म्हणायचं! पाणी मारलं. खपली गेली होती. ओघळही बरेचसे गेले होते. आणि त्यांच्याबरोबर चकाकीसुद्धा गेली होती! हात फिरवला तर दगड खरखरीत, नाचणीच्या पापडासारखा. फेस मळाचा नव्हता, फेस संगमरवराचा होता!

एवढ्याने घाबरेल तो मास्तर कसला? उरलेला पिवळटपणा मला खुपत होता. पिवळट धोतराला आपण काय करतो? नीळ देतो! मी बादलीत नीळ कालवली, फरशीवर पसरली आणि बाहेर येऊन बिडी ओढत बसलो. धोतर नीळ घेतं आणि जादा झालेली पाण्यात सोडतं. दगडाचं तसं नाही. त्याची वरची कातडी मी अ‍ॅसिडने सोललेली, त्यामुळे तो तहानलेला. घटाघटा प्यायला! आत येऊन बघतो तर सगळ्या न्हाणीत निळ्या रेघा, म्हातारीच्या पायावरच्या शिरांसारख्या.

मी आमच्या निंबाला बोलावून आणलं. निंबा माझ्या हाताखाली रंगाच्या मशीनवर आहे. त्याने दारातून आत डोकावलं आणि टोपी काढून हातात घेतली. मयताला जातो तशी!

"बोल की काहीतरी!" मी ओरडलो.

"मास्तर," तो म्हणाला, "मिलमध्ये शेड बिघडली की आपण काय करतो?"

"माल गडद शेडमध्ये टाकतो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अहो, धंद्यातली ही पहिली शिकवण आहे! फिका रंग बिघडला तर त्याच्याशी भांडायचं नाही. त्याच्यावर गडद चढवायचा. पोपटी बिघडला तर बाटली हिरवा कर, तोही बिघडला तर काळा कर. काळ्याच्या पोटात सगळी पापं मावतात.

"काळा करू?" निंबा म्हणाला.

"सणासुदीला? वर सासूबाई पहिल्यांदा येणार! जिभेला हाड?"

"मग राणी."

राणी! त्या सीझनला राणी रंग धो धो चालला होता. पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांना साड्या पुरत नव्हत्या. गुलाबीपेक्षा गडद, लालपेक्षा गोड, आणि निळ्याला पोटात घालायला पुरेसा दणकट. आम्ही पातेल्यात रंग उकळला, मीठ घातलं, सोडा घातला, आणि नारळाच्या काथ्याने फरशी रंगवली. दोघांनी मिळून, अगदी एकसारखी! निंबा तर मागे सरकून म्हणाला, "मास्तर, ही न्हाणी नाही, लगीन आहे लगीन!" तो कामावर गेला आणि मी शेवटच्या कामाला लागलो. धुलाई.

आता रंग पक्का की कच्चा हे धुतल्यावर कळतं. पाणी स्वच्छ निघालं की माल पास. मी बादली ओतली. पाणी राणी. दुसरी ओतली. राणी. मी ओततोय, ते वाहतंय, मोरीतून बाहेरच्या गटारात, गटारातून सोसायटीच्या सगळ्या दारांवरून. माझ्या काही ते लक्षात आलं नाही. मी आपला पाणी स्वच्छ व्हायची वाट बघतोय!

"लोही! लोही!" बाहेरून किंकाळी आली.

शेजारच्या जयश्रीबेन! गुजराती बाई, मनाने लोणी, पण घाबरट. रक्त, रक्त, असं ओरडत होत्या. मी तसाच बाहेर धावलो. उघडाबंब, चड्डीवर, हात कोपरापर्यंत राणी, पाय गुडघ्यापर्यंत राणी.

"अरे धुडकूभाई! आ शुं थयुं?"

"काही नाही, बेन, धुतोय!" मी म्हणालो.

तुम्हीच सांगा, यात घाबरण्यासारखं काय होतं? पण त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि घरात पळाल्या. आमच्या आळीत फोन एकच, आणि तो जयश्रीबेनचा. मी हातपाय घासून, शर्ट घालून त्यांना समजवायला जाईपर्यंत त्यांनी कलाने देऊन ठेवलेल्या नंबरवर, तिच्या माहेरगावच्या शालिग्राम वाण्याच्या दुकानात, फोन करून टाकला होता. बेननी सांगितलं, मास्तरच्या घरातून लाल पाणी येतंय. शालिग्रामने दुकान टाकून कलाकडे धाव घेतली आणि आपल्या पदरचा मीठमसाला घालून सांगितलं, जवाई रक्तात न्हाऊन निघाले!

"बेन, परत लावा फोन! सांगा, रंग आहे!"

जयश्रीबेन लावत राहिल्या. पण सणाचा दिवस तोंडावर, लाईन काही मिळेना. मी घरी येऊन न्हाणीच्या दारात बसलो. आत तो राणी उजेड, आणि डोक्यात एकच विचार. ती तिथे रडत असेल, आणि इथे येऊन पुन्हा रडेल.

ऐन अखाजीच्या दिवशी, दुपारी दारात रिक्षा थांबली. लेकीने सणाला माहेरी जायचं, आमच्याकडे सणाला माहेरच सासरी आलं! पुढे कला, डोळे सुजलेले. मागे काठी टेकत सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, आणि काखेत सांजोऱ्यांचा डबा. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तुमच्यासाठी बाकीचं सोपं करून सांगतोय, पण मामींचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो. ते बदलायची माझी छाती नाही.

"जवाई! कोठे लागनं? दखाडा माले!" मामी म्हणाल्या. कुठे लागलं ते दाखवा.

कलाने माझे हात धरले. उलटे केले, सुलटे केले. माझे रंगाचे कपडे आयुष्यभर तिनेच धुतलेत. तिने अंगठ्याने माझा तळवा घासला, वास घेतला, आणि माझ्याकडे बघितलं.

"हा राणी आहे," ती म्हणाली.

"हो."

"कुठे लावलात?"

मी न्हाणीच्या दाराकडे बघितलं. तिने माझे हात सोडले आणि सरळ न्हाणीकडे गेली.

मला वाटलं आता भांडं येईल, निदान शिवी तरी येईल. काहीच आलं नाही. मी जाऊन बघितलं तर ती उंबऱ्यावर बसली होती. फरशीवरून हात फिरवत होती, अगदी हळू, आजारी पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"हा देव्हाऱ्याचा होता," ती म्हणाली. "आणि हा कोपऱ्यातला मी दोनदा परत करून आणला होता."

कपाळ फुटलं माझं! "कला," मी म्हणालो, "मला मार, पण अशी बोलू नकोस."

"माय येतच नव्हती," ती म्हणाली. "काल सकाळी ती म्हणाली, तू जा, मी काही येत नाही. मग फोन आला तेव्हा तिने काठी घेतली आणि माझ्या आधी दारात. तुमच्यासाठी आली ती. आता तिला दाखवू काय मी? कशाच्या जोरावर ठेवून घेऊ?"

आणि रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसलो.

"काबरं रडस वं?" मागून मामींचा आवाज आला. का रडतेस? प्रवासातून आलं माणूस की आधी पाय धुणार. मामींनी आम्हा दोघांच्या मधून काठी घातली, आम्हाला बाजूला सारलं आणि त्या आत शिरल्या.

"माय, घसरशील!" कला ओरडली.

"मामी, थांबा!" मी ओरडलो.

मामी फरशीच्या मधोमध उभ्या होत्या. ओल्या फरशीवर! त्यांनी एक पाय पुढे सरकवून बघितला. सरकला नाही. दुसरा सरकवून बघितला. मग काठी भिंतीला टेकवली आणि काठीशिवाय दोन पावलं चालल्या.

"कला," त्या म्हणाल्या, "हाई ते आपली नदीवरना धोंडासारखं शे. पाय सरकतच नही!"

आम्ही बघतच राहिलो. माझ्या अ‍ॅसिडने खाल्लेली ती खरखरीत फरशी म्हातारीला गावच्या नदीवरच्या दगडासारखी वाटत होती. त्यांनी नळ सोडला, निवांत पाय धुतले, तोंड धुतलं आणि बाहेर आल्या. बाहेरच्या खोलीतल्या पांढऱ्या फरशीवर पावलं उमटली. राणी! मामींनी खाली बघितलं. दोन्ही तळवे, टाचा, बोटं, सगळं राणी रंगात.

"अगं माय, पाय!" कलाने तोंडावर हात ठेवला. मी डोळे मिटून घेतले. विधवा बाई, सणाचा दिवस, आणि जावयाने पाय रंगवले! आता काठी माझ्या डोक्यात बसणार, याची मला खात्री होती.

मामी खाटेवर बसल्या. एक पाय मांडीवर घेतला आणि खूप वेळ बघत राहिल्या.

"तुना बाप गया तवयपाईन अखाजीले पायले रंग लागेल नव्हता," त्या म्हणाल्या. तुझा बाप गेल्यापासून अखाजीला पायाला रंग लागला नव्हता. मग मला विचारलं, "जवाई, हाऊ रंग निंघी जाई का?"

"जाईल, मामी! दोन-तीन अंघोळींत जाईल!" मी घाईघाईने म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ द्या आते," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. आधी नुसत्या गालात, मग पदर लावून, मग खाटेची दोरी कुरकुरेपर्यंत. कला रडता रडता हसायला लागली. जयश्रीबेन धावत आल्या, काय झालं ते न विचारताच त्याही हसल्या, आणि सांजोऱ्यांचा डबा उघडला गेला.

दोन दिवसांनी स्वतः भाईदास आला. अख्ख्या आळीत बोभाटा झाला होता म्हणे! तो न्हाणीत डोकावला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला.

"मास्तर, मार्बल ऊपर एसिड? ए तो दूधमां लिंबू!" तो म्हणाला. मग कलाकडे वळला. "बेन, चिंता नहीं. मशीन मारीश, उपरनुं पड काढीश. सफेद काच जेवुं थई जशे!"

वरचा थर घासून काढला की पुन्हा पांढरी, काचेसारखी! कलाचा चेहरा उजळला. तिने वाकून तो देव्हाऱ्याचा तुकडा बघितला. आणि मग तिचं लक्ष गेलं मामींकडे. मामी खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या, पण कान इकडे होते.

"काचेसारखी?" कलाने विचारलं.

"एकदम लीसी!" भाईदास म्हणाला. गुळगुळीत.

तांदूळ निवडायचा आवाज थांबला. कला तो तुकडा सोडून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "भाईदासभाई, मशीन परत न्या. न्हाणी आहे तशी राहू दे."

बाई, तुझ्या त्या वाक्यावर माझी सगळी कलर मास्तरी ओवाळून टाकतो! मी तेव्हा भाईदाससाठी चहा करायला आत गेलो आणि डोळे पुसून बाहेर आलो.

मामी राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, मुक्काम ठोकला! फरशीचा राणी हळूहळू ओसरून आता फिका गुलाबी झालाय, आणि अखाजी जवळ आली की मामी न्हाणीकडे बघून म्हणतात, "जवाई, रंग कमी पडी राह्यना." मी मुकाट्याने पातेलं चढवतो. आमच्या मिलमध्ये माझा रंग उतरला तर नाव जातं. घरी मामींच्या पायांवर नाही उतरला तर बोलणी बसतात.

आणि कलाचा पांढरा संगमरवर? तो तिने भाईदासकडून पुन्हा तुकडे वेचून आणून स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवला. दुधासारखा आहे. मला त्याच्या चार हात जवळ जायला बंदी आहे. चहा मला बाहेर मिळतो.

परवाच त्या ओट्यावर हळदीचा डाग पडला. लहानसाच, चवलीएवढा. मी बाहेर खुर्चीत बसून बघत होतो. हात शिवशिवले हो! डाग तो डागच! मी नुसतं खाकरून म्हणालो, "कला, एक सुचवू का..."

आतून मामींनी काठी आपटली. मी चपला घातल्या आणि मिलमध्ये निघून गेलो.